मंद आचेचे कुकर : जुने आणि नवे

कापूस वेचणीचे दिवस आहेत. पहाटेचे चार वाजले आहेत. घरात अजून अंधार आहे. घरची माय उठली. तिने चूल पेटवली आणि डाळ चढवली.

चुलीत पऱ्हाट्या आहेत. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लगेच जळून जाते. म्हणून मायला चुलीपुढून हलता येत नाही. एक काडी सरली की दुसरी सारायची. डोळ्यांत पाणी, नाकात धूर. डाळ शिजते तोवर उजाडते. मग भाकरी थापायच्या. मग शेत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत. राळेगाव घ्या, घाटंजी घ्या, केळापूर घ्या, पुसद घ्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर पुष्कळ घरी गॅस आला. ही चांगली गोष्ट झाली. पण टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात. म्हणून कितीतरी घरांत गॅसही आहे आणि चूलही आहे.

आता शहरातल्या दुकानांत एक विजेचे भांडे मिळते. त्याला स्लो कुकर म्हणतात. स्लो म्हणजे हळू. हा कुकर अन्न हळूहळू शिजवतो. त्याला शिटी नसते. “सकाळी डाळ घाला, बटण दाबा आणि शेतात जा. संध्याकाळी तयार डाळ खा,” असे लोक सांगतात.

हे खरे आहे काय? आपण पैसे घालून हे भांडे घ्यावे काय? की आपल्या जुन्या रीतीच बऱ्या? चला, जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

डाळ कशाने शिजते?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ.

पाणी तापवले की ते गरम होत जाते. मग त्याला उकळी येते. उकळीचे पाणी सुमारे १०० अंश गरम असते. आता खाली आणखी जाळ केला, तर पाणी आणखी गरम होईल काय? नाही होणार. उघड्या भांड्यात पाणी उकळीच्या पुढे तापत नाही. जास्त जाळाने फक्त वाफ जास्त निघते आणि पाणी लवकर आटते.

मग उकळी आल्यावरही आपण जाळ का घालत बसतो? कारण भांड्याच्या अंगातून ऊब सारखी बाहेर जात असते. जाळ काढला की भांडे निवते. गेलेली ऊब भरून काढायला आपण पुन्हा काड्या घालतो.

समजा, एक घागर फुटकी आहे. ती भरलेली ठेवायची आहे. तर दिवसभर विहिरीवरून पाणी आणून ओतत राहावे, की एकदा भोक बुजवावे? शहाणा माणूस भोक बुजवील.

शिजवण्याचेही तसेच आहे. उकळी एकदा आणावी. मग ऊब बाहेर जाऊ देऊ नये. मंद आचेच्या सगळ्या भांड्यांचे गुपित एवढेच आहे. जुनी असोत की नवी, ऊब कोठून येते आणि ती कशी राखतात, एवढाच काय तो फरक.

आजीची रीत

ही गोष्ट आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती. चुलीला जोडून वैल असते. चुलीतली वाया जाणारी आच वैलीकडे जाते. पुढे भाकरी होते आणि मागे वैलीवर वरण शिजत राहते. त्यासाठी वेगळे लाकूड लागत नाही.

गोवऱ्यांच्या मंद आरावर दूध दिवसभर तापत ठेवतात. त्यावर जाड साय येते. आपल्या वऱ्हाडातले रोडगे आठवा. तेही जाळावर होत नाहीत. गोवऱ्यांच्या आरात दबून ते आतपर्यंत भाजतात.

मातीची हंडीही याच कामाची. माती हळू तापते आणि हळू निवते. हंडी उतरून ठेवली तरी आतले अन्न बराच वेळ गरम राहते.

या रीतीत खर्च नाही. पण दोन उणिवा आहेत. एक म्हणजे धूर. तो घरात कोंडतो. त्याने डोळे आणि फुप्फुसे बिघडतात. दुसरी म्हणजे राखण. आर कधी जास्त होतो, कधी विझतो. कोणीतरी जवळ असावे लागते.

धुरावर उपाय शोधायला आपल्या शेजारीच सुरुवात झाली होती. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. हा संघ १९३४ साली स्थापन झाला. तेथे ‘मगन चूल’ निघाली. तिला धुराडे असते. धूर धुराड्याने घराबाहेर जातो आणि एकाच जाळावर एकाहून जास्त भांडी तापतात. पुढे १९८० नंतर सरकारनेही सुधारलेल्या चुलींची मोठी योजना देशभर चालवली. धूर कमी झाला. पण चुलीपुढचे बसणे राहिलेच.

कापसाची पेटी

आता घागरीचे भोक बुजवण्याची खरी युक्ती पाहू.

युरोपात गवताच्या पेटीत अन्न शिजवण्याची रीत होती. लाकडी पेटीत वाळलेले गवत दाबून भरत. मधे भांड्याएवढा खळगा ठेवत. उकळी आलेले भांडे त्यात बसवून वरून गवताची गादी ठेवत. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तिकडे जळणाची टंचाई पडली. तेव्हा ही पेटी घरोघर वापरात आली. आता २००८ पासून दक्षिण आफ्रिकेत याच रीतीच्या जाड कापडी पिशव्या निघाल्या आहेत.

गवत काय करते? ते हवा धरून ठेवते. अडकलेल्या हवेतून ऊब सहज बाहेर जात नाही. थंडीत आपण वाकळ पांघरतो, ती तरी काय करते? वाकळ स्वतः गरम नसते. ती आपल्याच अंगाची ऊब राखते. तसेच हे.

आणि हवा धरायला कापसासारखी दुसरी चीज नाही. कापूस तर आपल्या घरचाच! चांगला कापूस यात घालू नका. कवडी कापूस, जुन्या गादीतला कापूस, फाटकी वाकळ, काहीही चालते.

आम्ही एका गावात ही पेटी करून दाखवली. जुनी बांबूची टोपली घेतली. तळाला आणि चहूबाजूंनी चार बोटे जाड कापूस दाबून बसवला. वरून कापड शिवले. भांड्यावर ठेवायला कापसाची एक उशी केली. भिजवलेली तुरीची डाळ पंधरा मिनिटे खळखळ उकळली. मग भांडे झाकण न उघडता टोपलीत बसवले. वर उशी दाबली. चूल विझवून टाकली.

एक म्हातारी माय आमच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “काऊन हो भाऊ, आग त इझवली. मंग दाळ शिजते कशी?”

आम्ही म्हणालो, “माय, आग भांड्याच्या आतच आहे. आपण तिला बाहेर जाऊ दिलं नाही, एवढंच.”

“पाहू,” ती म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

अडीच तासांनी उशी काढली. भांड्याला हात लावता येईना. झाकण उघडले तर डाळ मऊ झाली होती. करपली नव्हती. पाणीही आटले नव्हते. मायने एक दाणा बोटांत चिरडून पाहिला. मग म्हणाली, “चांगली गळली बाप्पा!”

आमची चूक

इथे आम्ही एक चूक केली. ती सांगितलीच पाहिजे.

डाळ चांगली झाली म्हणून आम्हाला हुरूप आला. आम्ही बायांना म्हणालो, “पहाटे डाळ पेटीत ठेवा, वेचायला जा आणि संध्याकाळी येऊन जेवा.” दुसऱ्या दिवशी एका घरी तसेच केले. दिवस मावळताना पेटी उघडली. भांडे कोमट झाले होते. डाळीला आंबूस वास येत होता. पोरे भुकेली होती. ती हात पुढे करून बसली होती. पण ती डाळ द्यायची कशी? फेकून द्यावी लागली. घरातल्या सासूबाई आम्हाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने पुन्हा चूल पेटवली. पण आम्हाला फार वाईट वाटले.

असे का झाले? पेटी ऊब राखते, पण नवी ऊब करीत नाही. तीन-चार तास अन्न चांगले गरम राहते. मग ते हळूहळू निवते. गरम अन्नात जंतू वाढत नाहीत. कोमट अन्नात ते झपाट्याने वाढतात. ६० अंशांच्या खाली अन्न गेले की जंतूंना रान मोकळे होते. आमची डाळ दुपारपासून संध्याकाळपर्यंत कोमट पडून होती.

म्हणून पेटीचे नियम नीट ध्यानात धरा.

पेटीत ठेवण्याआधी अन्न खळखळ उकळले पाहिजे. भांडे निदान दोन तृतीयांश भरलेले असावे. थोडे अन्न लवकर निवते. मधे मधे झाकण उघडून पाहू नये. चार तासांच्या आत अन्न काढून खावे. वाढण्याआधी पुन्हा एक उकळी आणावी. भांड्याच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही, हे पाहूनच ते कापसात ठेवावे. कापूस पेट घ्यायला वेळ लागत नाही!

भाताला पाच मिनिटे उकळी आणि पेटीत तासभर पुरतो. तुरीच्या डाळीला पंधरा मिनिटे उकळी आणि पेटीत दोन ते तीन तास लागतात.

मग वेचायला जाणाऱ्या बाईला ही पेटी उपयोगाची नाही काय? आहे. पण वेळ बदलली पाहिजे. त्याच गावातल्या बायांनी वाट काढली. सकाळी सातला निघताना उकळलेली डाळ त्या टोपलीत ठेवतात आणि टोपली शेतातच नेतात. दहा-अकराला झाडाखाली बसून गरम डाळ-भाकर खातात. संध्याकाळी घरी आल्यावर डाळीला उकळी देऊन पेटीत ठेवतात. मग पाणी भरणे, गुरांचे पाहणे, पोरांचा अभ्यास, ही कामे मोकळ्या हाताने होतात.

कोळशाचा जुना कुकर : इकमिक

पेटीला नवी ऊब करता येत नाही. मग थोडी थोडी ऊब देत राहणारे भांडे करता येईल काय? हा विचार बंगालमधल्या एका माणसाने केला. त्यांचे नाव डॉ. इंदुमाधव मल्लिक. त्यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ काढला.

तो कसा होता? जेवणाचा डबा आपण पाहतो. एकावर एक चार पुडे असतात. तसे पुडे एका उंच नळकांड्यात बसवलेले. एका पुड्यात तांदूळ, एकात डाळ, एकात भाजी. नळकांड्याच्या तळाशी पाणी आणि त्याखाली कोळशाची लहान शेगडी. कोळसा पेटवला की पाण्याची वाफ होई. वाफेने सगळे पुडे एकदम शिजत. कोळसा संपला की शेगडी आपोआप विझे. अन्न करपण्याची भीती फार कमी. माणूस शेगडी पेटवून आपल्या कामाला जाऊ शके.

घरी रांधणारे कोणी नाही, अशा माणसांना हा कुकर फार सोयीचा पडला. प्रवासातही लोक तो बरोबर नेत. पुढे १९५९ च्या सुमारास आपल्या देशात शिटीचे प्रेशर कुकर तयार होऊ लागले. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून ठेवतात. त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या पुढे, सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. डाळ चटकन शिजते. मग इकमिक कुकर हळूहळू मागे पडला.

कोळशाचा नवा कुकर : सराई

पण ती कल्पना मेली नाही. पुण्यात ‘आरती’ नावाची संस्था आहे. डॉ. आनंद कर्वे तिच्या संस्थापकांपैकी आहेत. या संस्थेने ‘सराई कुकर’ तयार केला. तोही वाफेवर चालतो. त्यातही एकावर एक भांडी असतात. म्हणजे इकमिकचाच नवा अवतार म्हणा ना!

फरक कोठे आहे? पहिला फरक कोळशाचा. या संस्थेने शेतातल्या कचऱ्याचा कोळसा करण्याची रीत बसवली. उसाचे पाचट शेतात जाळून टाकतात. त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. या कामाला २००२ साली इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. कोळशासाठी झाड तोडावे लागत नाही.

दुसरा फरक असा की सराई कुकरला कोळसा फार थोडा लागतो. सुमारे १०० ते १५० ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा भात, वरण, भाजी होते. मूठ-दोन मुठी कोळसा म्हणा. सुमारे तासाभरात सगळे शिजते आणि पुढे राखण बसावे लागत नाही.

कोळशाच्या कुकरला, तो जुना असो वा नवा, एक मोठा धोका आहे. कोळसा जळताना एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला तर माणूस झोपेतच मरतो. म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. ओसरीवर किंवा अंगणात ठेवा. थंडीत ऊब घ्यायला म्हणून ती उशाशी घेऊन तर मुळीच झोपू नका.

विजेचा जुना स्लो कुकर

आता विजेच्या भांड्याकडे येऊ. ते निघाले अमेरिकेत. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

ज्यू लोक शनिवार पवित्र मानतात. त्या दिवशी ते चूल पेटवीत नाहीत. मग गरम जेवण कसे मिळणार? ते शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याचे दाणे आणि मांस यांचे भांडे भरून गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवीत. रात्रभर भट्टीच्या उरलेल्या उबेत ते शिजे. शनिवारी घरी आणून खात. आपल्या वैलीसारखीच ही रीत!

आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाने ही गोष्ट आपल्या आईच्या तोंडून ऐकली. आई युरोपातल्या लिथुआनिया देशाकडची होती. नॅक्सनने विचार केला की भट्टीची ऊब विजेने का देऊ नये? त्याने भांड्याच्या चहूबाजूंनी विजेची तापणारी तार बसवली. १९४० साली त्याला या भांड्याचा हक्क मिळाला. पुढे एका मोठ्या कंपनीने ते विकत घेतले आणि १९७१ साली ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. बायका नोकरीला जाऊ लागल्या होत्या. त्यांना ते फार पसंत पडले.

त्या जुन्या भांड्यात मातीचे चकचकीत भांडे बाहेरच्या पत्र्यात पक्के बसवलेले असे. ते बाहेर निघत नसे. घासताना तारेत पाणी जाण्याची भीती. ही अडचण ओळखून १९७४ साली आतले भांडे सुटे केले.

जुनी भांडी सावकाश तापत. सकाळी घातलेले मांस संध्याकाळपर्यंत शिजत राही.

विजेचा नवा स्लो कुकर

नवे स्लो कुकर जुन्यापेक्षा जास्त तापतात, असे दोन्ही वापरलेले लोक सांगतात. जुन्यात आठ तास लागत, ते नव्यात आधीच शिजून होते. कधी कडेला करपतेही. म्हणून जुन्या भांड्याचा वेळ नव्याला लावू नये.

जास्त तापणे यात तोटा आहे, पण फायदा मोठा आहे. अन्न कोमट अवस्थेत फार वेळ राहत नाही. ते ६० अंश लवकर ओलांडते. जंतूंना वाढायला वेळ मिळत नाही. आमची डाळ का बिघडली ते आठवा, म्हणजे याचे मोल कळेल.

नव्या भांड्यावर दोन बटणे असतात, ‘लो’ आणि ‘हाय’. लो म्हणजे कमी आणि हाय म्हणजे जास्त. पुष्कळांना वाटते की लो वर अन्न कमी गरम होते. पुष्कळ नव्या भांड्यांत तसे नसते. दोन्हीवर अन्न शेवटी उकळीच्या जवळ पोचते. लो वर पोचायला वेळ जास्त लागतो. काही भांड्यांना घड्याळही असते. वेळ झाली की आच आपोआप कमी होते आणि अन्न नुसते गरम राहते.

कोणी तुम्हाला जुना स्लो कुकर स्वस्तात देऊ करील. तो घेण्याआधी पारखा. अर्धे भांडे पाणी घाला. लो वर आठ तास ठेवा. मग पाणी तपासा. ते ८५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त गरम हवे. मोजायला स्वयंपाकाचे थर्मामीटर लागते. तापाचे थर्मामीटर त्यात घालू नका. ते ४२ अंशांपर्यंतच चालते आणि फुटते. पाणी नुसते कोमट लागले, तर ते भांडे फुकट मिळाले तरी घेऊ नका.

आता खर्चाचे पाहू. समजा, भांड्यावर २०० वॅट लिहिले आहे. ते आठ तास चालले. २०० गुणिले ८ म्हणजे १६००. एक हजाराला एक युनिट. म्हणजे दीड युनिटाहून थोडी जास्त वीज. एवढ्या विजेत ९ वॅटचा एक दिवा सात दिवस रात्रंदिवस जळेल. तेव्हा ‘मंद आच म्हणजे फुकट’ असे समजू नका.

आणि गावातली वीज? ती मधेच गेली तर? तुम्ही शेतात आहात. वीज दहाला गेली आणि तीनला आली. भांडे निवले आणि पुन्हा तापले. संध्याकाळी डाळ शिजलेली दिसेल. पण मधे ती तासन्‌तास कोमट होती. काही जंतू असे विष सोडतात की पुन्हा उकळले तरी ते जात नाही. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली हे कळले नाही, तर ते अन्न खाऊ नये. म्हणून हे भांडे घरी कोणी म्हातारे माणूस असेल तेव्हाच लावावे.

राजम्याची गोष्ट

एक धान्य मात्र मंद आचेवर कधीच थेट शिजवू नका. ते म्हणजे लाल राजमा. आता तो आपल्याही बाजारात मिळतो.

कच्च्या राजम्यात एक विष असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी ओकाऱ्या आणि हगवण लागू शकते. खळखळ उकळीने हे विष मरते. नुसत्या मंद आचेने मरत नाही. उलट ८० अंशांच्या आसपास तापवलेला राजमा कच्च्याहून जास्त बाधतो. म्हणून राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे, आणि अर्धा तास केले तर आणखी बरे, खळखळ उकळा. मगच तो पेटीत किंवा स्लो कुकरमध्ये घाला. शिटीच्या कुकरमध्ये नीट शिजवला तर ही भीती नाही.

मग घ्यावे काय?

आता सगळे एका ठिकाणी मांडू.

वैल आणि आर यांना खर्च नाही, पण धूर आहे आणि राखण आहे. कापसाच्या पेटीला खर्च जवळजवळ नाही, धूर नाही, राखण नाही. पण चार तासांची मर्यादा आहे. कोळशाच्या कुकरला इंधन थोडे लागते आणि सगळे जेवण एकदम होते. पण तो मोकळ्या हवेत ठेवावा लागतो. विजेचा जुना स्लो कुकर कमी तापलेला असू शकतो आणि त्याची तार जुनी झालेली असते. नवा चांगला तापतो, धुवायला सोपा असतो; पण त्याला पैसे पडतात आणि न जाणारी वीज लागते.

आमचे मत विचाराल तर आम्ही सांगू की आधी कापसाची पेटी करा. एक टोपली, थोडा कवडी कापूस, जुने कापड आणि एका दुपारची मेहनत, एवढेच लागते. तुमच्याकडे गॅस असेल तर डाळीला गॅसवर उकळी आणा आणि पेटीत ठेवा. टाकी जास्त दिवस पुरेल. चूल असेल तर पऱ्हाट्या वाचतील आणि धुरात बसणे कमी होईल.

पेटीची सवय झाली, घरी भरवशाची वीज आहे आणि हातात पैसा आहे, तर मग नवा स्लो कुकर जरूर पाहा. तीन पायांचा पिन असलेलाच घ्या. खालचा विजेचा भाग पाण्यात बुडवू नका. तापलेल्या मातीच्या भांड्यात थंड पाणी ओतू नका, ते तडकते.

भांडे नवे म्हणून चांगले नसते आणि जुने म्हणून वाईट नसते. उकळी पुरी आली पाहिजे आणि ऊब टिकली पाहिजे. हे ज्या भांड्यात होते ते चांगले.

आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. गरम अन्न खा, नाहीतर गार करून झाकून ठेवा. तासन्‌तास कोमट राहिलेले अन्न पोरांच्या ताटात वाढू नका.

ती म्हातारी माय आता काय करते, ठाऊक आहे? तिने आपल्या नातीच्या लग्नात आहेर म्हणून कापसाची एक पेटी दिली. वरच्या उशीला छान रंगीत कापड लावले. आम्ही विचारले, “माय, भांडं नाही दिलं?”

माय हसून म्हणाली, “भांडे त समदेच देतेत भाऊ. म्या तिले थोडा येळ देल्ला.”